शिली-शॅली: ‘नाही’ म्हणा, पण म्हणा

पोस्ट लांबलचक आहे, आधीच सांगतो. ज्यांना घाई आहे त्यांनी रात्री वाचा. अंधार पडल्यावर तसंही बिबट्याच्या भीतीनं कोण बाहेर पडतंय आपल्याकडं.

गेल्या आठवड्यात पुतणी इंग्रजीची वही घेऊन आली. दहावीला आहे. “काका, शिली-शॅली म्हणजे काय?” ओट्यावर आई लसूण सोलत बसली होती, तिच्या कानावर भलतंच पडलं. “कुणाची शेळी? परत नेली का वाघानं?” आम्ही हसलो. पण जुन्नर-आंबेगावात हा विनोद नाही. इथं ‘शेळी’ म्हटलं की पुढचा प्रश्न तोच असतो. असो, तो विषय वेगळा, त्यावर परत कधीतरी.

पुतणीला सांगितलं, शिली-शॅली म्हणजे निर्णय न घेणं. ‘करू का नको, करू का नको’ करत बसणं. तिनं लिहून घेतलं आणि गेली. मी मात्र शब्दकोश उघडून बसलो तो रात्री अकरापर्यंत.

त्या शब्दाचं मूळ मजेशीर आहे. इंग्रजीत ‘शॅल आय?’ म्हणजे ‘मी करू का?’ माणूस स्वतःलाच विचारतोय. एकदा विचारलं तर तो विचार, दहादा विचारलं तर घोळ. त्या घोळाची नक्कल करत लोक ‘शिल आय, शॅल आय’ म्हणायला लागले. आपण नाही का ‘उलटसुलट’, ‘आडवंतिडवं’ म्हणताना शब्दाला एक जोडीदार देतो, तसंच. विल्यम काँग्रीव्ह नावाच्या नाटककाराच्या 1700 सालच्या ‘द वे ऑफ द वर्ल्ड’ या नाटकात हे बोलणं आलंय. आणि कुणाच्या तोंडी? गावाकडून लंडनला आलेल्या एका रांगड्या गड्याच्या. आपलं तसलं काही नसतं, आपण बोललो की करतो, असं तो शहरातल्या शहाण्यांना ऐकवतो. मला तो गडी लगेच आपला वाटला. मंचरच्या बाजारात आडत्याशी बोलताना भेटेल असा.

पुढं ‘शिल आय, शॅल आय’ बोलून बोलून झिजलं आणि त्याचं ‘शिली-शॅली’ झालं. मी थांबलो तो इथं. ‘आय’ म्हणजे मी. त्या शब्दात मुळात ‘मी’ होता, एकदा नाही, दोनदा होता. झिजून झिजून त्याची नुसती ‘ली’ राहिली. आज तो शब्द वापरणाऱ्या इंग्रजाला विचारलं तरी त्यात ‘मी’ कुठं आहे ते त्याला चटकन दिसायचं नाही.

त्यांच्याकडं अजून एक शब्द आहे, ‘डिदर’. त्याचा मूळ अर्थ थरथर कापणं. निर्णय न घेता घुटमळण्याला तो चिकटला विसाव्या शतकात. आणि निर्णय घेण्याला ते ‘डिसाइड’ म्हणतात, ते आलंय कापून टाकण्याच्या लॅटिन क्रियापदातून. आपलं ‘एक घाव दोन तुकडे’ तरी वेगळं काय सांगतं? जगात कुठंही जा, निर्णय म्हणजे काहीतरी तुटतं. अर्धं हातात राहतं, अर्धं सोडावं लागतं. ज्याला काहीच सोडायचं नाही तो निर्णय घेत नाही.

आता आपल्या मराठीकडं या. इंग्रजांचा एक शब्द, आपल्याकडं अख्खं गाठोडं. आणि प्रत्येक शब्द वेगळा. चालढकल म्हणजे निर्णय माहीत आहे पण पुढं ढकलायचा. धरसोड म्हणजे घ्यायचा, मोडायचा, परत घ्यायचा. टोलवाटोलवी म्हणजे माझ्याकडून तुझ्याकडं, तुझ्याकडून त्याच्याकडं. भिजत घोंगडं म्हणजे विषय पाण्यात बुडवून ठेवायचा आणि घरी जायचं. आमच्या आजोबांकडं घोंगडी होती. भिजलेली घोंगडी एकदा उचलून बघा, मग कळेल हा वाक्प्रचार कुणी केला असेल ते. कोरडी होती तेव्हा एका हातानं खांद्यावर टाकत होता, भिजल्यावर दोघांनी पिळावी लागते.

आणि सगळ्यात भारी आपलं तळ्यात-मळ्यात. लहानपणी शाळेच्या पटांगणात सगळे खेळलोय. एकजण ओरडणार, ‘तळ्यात’, ‘मळ्यात’, आणि बाकीच्यांनी उड्या मारायच्या. ओरडणारा कधी बाद होत नाही. बाद होतो उडी मारणारा. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

मी स्वतः धुतल्या तांदळासारखा नाही. माझी शिली-शॅली आधी सांगतो.

2023 चा उन्हाळ कांदा मी बराखीत भरला होता. ऑगस्टमध्ये दर हलायला लागले. वडील म्हणाले, “अर्धा काढ, अर्धा ठेव.” मी म्हणालो, “थांबू, अजून वाढंल.” 19 ऑगस्टला केंद्रानं कांदा निर्यातीवर 40 टक्के शुल्क लावलं. लिलाव बंद, आंदोलनं, सगळा गोंधळ. म्हटलं आता पडतीत कशाला विका. थांबलो. सप्टेंबरात थांबलो. बराखीतून वास यायला लागला तेव्हा निवडायला बसलो तर खालचा थर काळा पडलेला, पाणी सुटलेलं. जो उरला तो विकला, आणि विकल्यावर काही दिवसांत दर वाढले. वडील काही बोलले नाहीत. त्यांच्या न बोलण्याची किंमत मी अजून फेडतोय.

तर त्यात चूक माझी होती. ‘मी विकू का?’ हा प्रश्न माझा, उत्तर न देणारा मी, सडका कांदा उकिरड्यावर टाकणारा मी. शब्दाच्या मुळात जो ‘मी’ आहे तो इथं पुरेपूर हजर आहे. टोमॅटोवाल्यांना तर तेवढीही मुभा नाही. नारायणगावच्या बाजारात क्रेट उतरले की त्याच दिवशी काय ते व्हायला हवं. टोमॅटो काही ‘विचाराधीन’ राहत नाही.

आता सरकारचा कांदा बघा. शुल्क 40 टक्के, ऑगस्ट 2023. ऑक्टोबरअखेरीस टनाला 800 डॉलर किमान निर्यात मूल्य. 8 डिसेंबरला थेट निर्यातबंदी, 31 मार्च 2024 पर्यंत. फेब्रुवारीत बातमी आली, बंदी उठणार. दर चढले. दोन दिवसांत खुलासा, बंदी कायम. मार्चमध्ये ‘पुढील आदेशापर्यंत’ मुदतवाढ. 4 मे 2024 ला बंदी उठली, पण 550 डॉलरचं किमान मूल्य आणि 40 टक्के शुल्क ठेवून. आपल्या शिरूर मतदारसंघाचं मतदान 13 मेला होतं, नऊ दिवसांनी. योगायोग म्हणणाऱ्यांनी म्हणावं. सप्टेंबरात किमान मूल्य काढलं, शुल्क 20 टक्क्यांवर आणलं. आणि 1 एप्रिल 2025 पासून शुल्क शून्य.

दीड वर्षात किती वेळा ‘तळ्यात’, किती वेळा ‘मळ्यात’ ते तुम्हीच मोजा. शहरातल्या गिऱ्हाइकाला कांदा स्वस्त मिळावा ही चिंता मी समजू शकतो, माझी बहीण भोसरीत राहते, ती पण कांदा विकतच घेते. पण मग एकदाच सांगा की दर अमुकच्या वर गेला की शुल्क लागेल आणि खाली आला की निघेल. आम्ही त्या हिशोबानं लावू, भरू, विकू. नियम कडू असला तरी चालेल. रात्री झोपताना एक आणि सकाळी उठताना दुसरा नसावा.

आता मूळ दुखण्यावर येतो. रेल्वे.

पुणे-नाशिक रेल्वे. आपल्या भागात जन्मलेल्या प्रत्येकानं हा शब्द पाळण्यात ऐकलेला आहे. पुणे आणि नाशिक ही राज्यातली दोन मोठी शहरं, मधे आपण, आणि आजही दोघांच्या मधे सरळ रूळ नाही. रेल्वेनं जायचं तर एक तर कल्याणला वळसा, नाहीतर दौंड-मनमाड. मग आहेच आपला हायवे, कांद्याच्या गाड्या, उसाच्या ट्रॉल्या आणि चाकणची कोंडी.

मग काही वर्षांपूर्वी ‘महारेल’चा सेमी हायस्पीडचा आराखडा आला. सुमारे 235 किलोमीटर, ताशी 200 चा वेग, खर्च 16 हजार कोटींच्या घरात. 2021 मध्ये राज्य सरकारनं मान्यता दिली. पुण्याहून चाकण, राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव, आळेफाटा, संगमनेर, सिन्नर, नाशिक. नकाशे आले. शिवारात मोजणीची माणसं आली. कुठं लोकांनी विरोध केला, कुठं चहा पाजला. दराच्या चर्चा झाल्या. मार्गावर काही ठिकाणी खरेदीखतंही झाली. मग काम थंडावलं. केंद्राच्या मंत्रिमंडळाचा शेवटचा शिक्का काही बसला नाही. आणि 2025 संपता संपता रेल्वेमंत्र्यांनी संसदेत सांगितलं की खोडदच्या दुर्बिणीमुळं नारायणगावचा मार्ग जमणार नाही, गाडी अहिल्यानगर-शिर्डीवरून नाशिकला न्यायचा विचार आहे. झालं. लगेच इकडं निवेदनं, बैठका, इशारे. तिकडून आश्वासनं.

खोडदबद्दल दोन शब्द बोलतो, कारण सध्या ज्याच्या त्याच्या तोंडी त्या दुर्बिणीला शिव्या आहेत, आणि ते मला पटत नाही. 45 मीटर व्यासाच्या 30 डिश. त्यातल्या 14 खोडदच्या आसपास दाटीनं, बाकीच्या तीन दिशांना पंचवीसेक किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या. गोविंद स्वरूप या शास्त्रज्ञानं टाटा मूलभूत संशोधन संस्थेसाठी उभं केलेलं हे काम. जगभरातले संशोधक तिथं वेळ मागायला रांगेत असतात. ती दुर्बीण बघत नाही, ऐकते. आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी इतक्या क्षीण असतात की शेजारचा मोबाईलसुद्धा त्यांच्यापुढं भोंगा ठरतो. विजेवर धावणाऱ्या गाडीच्या तारेशी ठिणग्या उडतात, त्याचा गोंगाट दुर्बिणीच्या कानात जातो. शास्त्रज्ञांचा आक्षेप खोटा नाही. आपल्या गावचं नाव ज्या मोजक्या कारणांनी जगात घेतलं जातं त्यातलं हे एक, त्याची काळजी आपणच घ्यायची.

माझा प्रश्न वेगळाच आहे. त्या डिश काही काल रात्री उगवल्या नाहीत. 1990 च्या दशकापासून उभ्या आहेत. हायवेवरून जाताना दिसतात. त्यांच्यामुळं आपल्या भागात मोठ्या उद्योगांवर बंधनं आहेत, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. ज्यांनी नकाशावर रेघ ओढली त्यांना 45 मीटरची डिश दिसली नाही? दिसली असेल तर तेव्हाच का नाही विचारलं की बाबांनो, इथून गाडी गेली तर तुमचं काय बिघडेल, किती अंतर हवं, बोगदा केला तर चालेल का, जमिनीत तोड घेतली तर चालेल का? तो प्रश्न मोजणीच्या आधीचा आहे. लग्नपत्रिका वाटून झाल्यावर नवऱ्या मुलाचं गोत्र विचारायचं, असला हा प्रकार.

या दोन टोकांच्या मधे जी वर्षं गेली ती कुणाच्या खात्यातून गेली ते सांगतो. आमचा गट त्या रेघेत नाही. चार बांध सोडून गेलीय, म्हणून मी जरा मोकळेपणानं बोलू शकतो. पण ज्यांच्या गटातून गेलीय त्यांच्याकडं मी रोज बघतो. शेजारच्या काकांना विहिरीला आडवं बोअर घ्यायचं होतं. घेऊ का? रेल्वेत गेली तर पैसे पाण्यात. नाही घेतलं आणि रेल्वे आलीच नाही तर बाग जळाली. त्यांनी डाळिंबाचा विचार सोडला, कारण डाळिंबाला दोन-तीन वर्षं थांबावं लागतं, आणि दोन-तीन वर्षांनी तिथं झाड असेल का रूळ हे सांगणारा कुणी नाही. एकाला पोरीच्या लग्नासाठी अर्धा एकर विकायचा होता. गिऱ्हाईक आलं, चहा प्यालं, उठताना विचारलं, “रेल्वेत आहे का हो?” “होती. आता नसंल बहुतेक.” ‘बहुतेक’ म्हटल्यावर गिऱ्हाईक परत कशाला येतंय. भावाभावांच्या वाटण्या थांबल्यात, कारण रेघ ज्याच्या हिश्श्यात जाईल त्याला मोबदला मिळणार का खड्डा, हे ठरल्याशिवाय कोण सही करेल?

ह्या माणसांना लोक म्हणतात, ‘काय हो तुमचं तळ्यात-मळ्यात चाललंय.’ त्यांचं नाही चाललेलं! ते फक्त उड्या मारतायत. ओरडणारा वर मुंबईत आणि दिल्लीत बसलाय, आणि तो बाद होत नाही.

मला माहिती आहे, आपल्यातच काहीजण म्हणतील, “दादा, एवढ्या मोठ्या कामाला वेळ लागणारच. घाईत चुकीचं करण्यापेक्षा सावकाश बरोबर केलेलं बरं.” बरोबर आहे. डिंभ्याच्या धरणग्रस्तांना विचारा, पाण्याखाली गाव गेलेल्या माणसाला घाईचा आणि दिरंगाईचा दोन्हीचा अर्थ कळतो. सावकाश करण्याला माझा विरोध नाहीच. पण सावकाश विचार करणारा माणूस आणि शिली-शॅली करणारा माणूस लांबून सारखे दिसले तरी त्यांना ओळखायची एक सोपी खूण आहे. सावकाश विचार करणाऱ्याला विचारा, “कशासाठी थांबलायत?” तो सांगतो, अमुक अहवाल यायचाय, अमुक महिन्यात येईल, त्यात असं निघालं तर हे करू, तसं निघालं तर ते करू. शिली-शॅलीवाल्याला तोच प्रश्न विचारा. तो म्हणतो, “आम्ही सकारात्मक आहोत.”

सकारात्मक! हा शब्द ऐकला की हल्ली पोटात गोळा येतो. शिवनेरीला नमस्कार करून भाषण सुरू करायचं आणि ‘सकारात्मक आहोत’ म्हणून संपवायचं. त्याच्या जोडीला त्याची भावंडं. ‘तत्त्वतः मान्यता’. म्हणजे सुपारी फुटली, पण मुहूर्त विचारायचा नाही. ‘विचाराधीन आहे.’ कुणाच्या विचाराधीन? ‘निर्देश देण्यात आले आहेत.’ कुणी दिले, कुणाला दिले? ‘पर्याय तपासले जातील.’ कोण तपासणार, कधी?

इथं मला परत तो इंग्रजी शब्द आठवला. बिचाऱ्या इंग्रजांना ‘शॅल आय’मधला ‘मी’ झिजवायला शेकडो जिभा आणि कितीतरी वर्षं लागली. आपल्या सरकारी मराठीत तो एका प्रसिद्धिपत्रकात नाहीसा होतो. ‘करण्यात येईल’, ‘ठरविण्यात आले’, ‘घेण्यात येत आहे’. आख्ख्या पानात करणारा सापडत नाही. शाळेत आम्हाला बाई विचारायच्या, कर्ता कोण? वाक्यात कर्ता नसेल तर गुण कापायच्या. मंत्रालयात कर्ता सापडला तर बहुधा तिथं गुण कापत असावेत.

म्हणून माझं म्हणणं असं की ह्याला शिली-शॅली म्हणणंसुद्धा कौतुकच आहे. शिली-शॅली करणारा माणूस निदान स्वतःला विचारत तरी असतो, ‘मी करू का?’ झोप उडालेली असते त्याची, माझी उडाली होती तशी, बराखीतल्या वासानं. इथं कुणाचीच झोप उडालेली नाही, कारण प्रश्न कुणाचाच नाही. तो प्रश्न राज्याचा म्हणावा तर केंद्राकडं बोट, केंद्राचा म्हणावा तर दुर्बिणीकडं, दुर्बिणीवाले म्हणणार आम्ही फक्त मत दिलं. खासदार बदलले, माजी झाले, परत उभे राहिले, रेल्वे प्रत्येकाच्या जाहीरनाम्यात होती. आणि गावपातळीवर विचारावं तर तिथंही तेच. आपल्या जिल्हा परिषदेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली, आणि त्यापुढं वर्षानुवर्षं प्रशासकाचं राज्य होतं. म्हणजे ज्याला मत देऊन जाब विचारायचा तो खुर्चीतच नव्हता.

अजून एक गोष्ट, जरा कडू आहे, पण बोलतो. आपणही ह्याला खतपाणी घातलंय. गेली कित्येक वर्षं आपण नेत्यांना ‘हो’ ऐकण्यासाठीच बोलावतो. कार्यक्रमाला आलेल्या माणसानं स्टेजवरून ‘हे जमणार नाही’ म्हटलं तर आपण त्याला पुढच्या वेळी बोलावत नाही. डिंभे-माणिकडोह बोगद्याचं आठवा. आंबेगावात एक बोलायचं, खाली लाभक्षेत्रात दुसरं बोलायचं, आणि दोन्हीकडं टाळ्या. आपणच टाळ्या वाजवल्या. मग कुणाला हौस आहे एक घाव घालायची?

मी रेल्वेच्या बाजूनं लिहितोय असं कुणी समजू नका. व्हावी असं मला वाटतं, मंचरला सकाळी गाडीत बसून पुण्याला कामावर जाता आलं तर पोरं गावात राहतील. पण ज्यांची दोन एकरांतली दीड एकर जाणार आहे त्यांनी ‘नको’ म्हटलं तर त्यांना शहाणपण शिकवायला मी कोण? त्यांच्यापैकी काहींच्या जमिनी आधी कालव्यात गेल्यात, मग हायवेच्या बायपासात गेल्यात. माझी मागणी ‘हो म्हणा’ अशी नाही. नाही म्हणायचं तर नाही म्हणा. पण म्हणा. कागदावर म्हणा.

कागदावर म्हणजे कसं, तेही सांगतो, नाहीतर म्हणाल नुसता बोलतो. आपल्या दोन्ही तालुक्यांत ज्या ज्या गटांतून आधीच्या आराखड्याची रेघ गेली, त्यांची गावनिहाय यादी चावडीवर लावा. प्रत्येक गटापुढं तीनपैकी एक लिहा. लागणार, लागणार नाही, किंवा अजून ठरायचंय. जिथं ‘लागणार नाही’ तिथं शेतकऱ्याला तसं सही-शिक्क्याचं पत्र द्या, म्हणजे तो बँकेत आणि गिऱ्हाइकाला दाखवेल. जिथं ‘ठरायचंय’ तिथं दोन गोष्टी लिहा, कोण ठरवणार आणि कुठल्या तारखेपर्यंत. अधिकाऱ्याचं पद लिहा. तारीख उलटली आणि ठरलं नाही तर तो गट आपोआप मोकळा धरा. ह्याला 16 हजार कोटी लागत नाहीत. एक शाई भरलेलं पेन लागतं.

ह्या मजकुराचा अर्ज तयार आहे. पुतणीनं टाइप करून दिलाय. तिनं आपणहून शेवटी ‘विचार व्हावा’ असं लिहिलं होतं, सगळ्याच अर्जांत असतं म्हणून. मी ते खोडायला लावलं. विचार भरपूर झालाय.

येत्या सोमवारी सकाळी अकरा वाजता अर्ज द्यायला तहसीलला जातोय. ज्यांच्या गटातून रेघ गेलीय त्यांनी यावं, रेल्वे हवी असलेल्यांनी आणि नको असलेल्यांनी, दोघांनी यावं. मोजणीची नोटीस आली असेल तर ती आणा, सातबाऱ्याची झेरॉक्स आणा, दोन प्रती, आणि पोच घेतल्याशिवाय कुणी हलायचं नाही. झेरॉक्स घरूनच काढून आणा, मागच्या वेळी सगळ्यांचे पैसे मी भरले होते. दुपारपर्यंत मोकळे होऊ. मला लगेच परत यायचंय, बराखीवर गाडी सांगितलीय तीन वाजता. अर्धा काढतोय, अर्धा ठेवतोय.